रेडिएटरमधले बुडबुडे

प्रेम वारला, त्याला वर्ष झालं आणि त्याची बहीण अमृता त्याची गाडी शीळफाट्याच्या गॅरेजवर घेऊन आली. गाडीचं इंजिन प्रेम आणि त्याचा गॅरेजमधला जोडीदार राजरत्न, दोघांनी मिळून ट्यून केलेलं.

"दादा, फार तापते रे. पण विकायची नाहीये. तूच बघ," ती राजरत्नला म्हणाली आणि रिक्षाने कळव्याला निघून गेली.

गॅरेजात आता राजरत्न एकटाच असायचा. दुपारी गार इंजिनवर त्याने रेडिएटरचं झाकण काढलं आणि गाडी चालू केली. पाण्यात बुडबुडे येऊ लागले. हेड गॅस्केट गेलंय, इंजिनातला वायू पाण्यात शिरतोय, त्याने ओळखलं.

त्याने इंजिन बंद केलं, तरी बुडबुडे थांबले नाहीत. एकामागून एक, सावकाश येत राहिले.

पाणी तापलं असेल म्हणून तो तासभर बसून राहिला. पाणी निवलं, बुडबुडे चालूच.

तो वाकून बघू लागला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ते त्याच्या श्वासाबरोबर येतायत.

त्याने श्वास रोखला. बुडबुडे थांबले.

छाती दुखायला लागली, तरी त्याने श्वास सोडला नाही. पाणी अगदी स्थिर होतं.

मग त्याच्या आधी, खाली पाण्यात, कुणाचा तरी दम सुटला.