रोशनीची झोप

धडगावच्या दवाखान्यात रोशनी वळवी रोज झोपेतच कामाला यायची. देह नॉर्वेत अंथरुणावर असायचा. स्वप्नात ती जे करायची, तेच इथले यंत्राचे हात करायचे. परदेशी गेलेल्या परिचारिकांना सरकारने गावाशी असं बांधून ठेवलं होतं.

त्या सकाळी मोगी पाडवीच्या बाळाचं डोकं दिसू लागलं, आणि तिकडे नॉर्वेत उशाशी गजर वाजला.

"सिस्टर, जाग्या होऊ नका हो!" यंत्राचे हात अडखळताना पाहून मोगी कळवळली.

पण रोशनीचे डोळे उघडलेच. खिडकीबाहेर बर्फ पडत होता. धडगावात यंत्राचे हात अधांतरी थांबले असणार, आणि मोगीच्या आईशिवाय दुसरं तिथे होतंच कोण! तिने नॉर्वेतल्या आपल्या वॉर्डला फोन केला, "मी आज येत नाही," आणि डोळे मिटले. झोप कुठली यायला! शेवटी तिने स्वतःलाच थोपटलं, आईची अंगाई हलकेच गुणगुणली. बर्फ विरत गेला, मोहाच्या फुलांचा वास आला, आणि मोगीच्या आईचा आवाज ऐकू आला, "आल्या गं, सिस्टर आल्या!"

रोशनीच्या ओंजळीत ओलं, ऊबदार बाळ रडू लागलं.