पाच शहरांतल्या पाच जणी

"आकडे कधी खोटं बोलत नाहीत," डॉक्टर उगार्ते छातीवर हात ठेवून म्हणाले. हात ठेवला त्या खिशात उर्कुपिन्याच्या मेरीमाउलीचं चित्र होतं. डॉक्टरकीच्या पहिल्या परीक्षेपासून ते तिथून हललं नव्हतं.

खाटेवरच्या सबिनाबाईने मान डोलावली. लहानपणी मातीच्या भिंतीतला विंचुका किडा चावला, त्याने चागासचा आजार दिला, आणि आता तो हृदयापर्यंत पोचला होता. कोचाबांबाकडे हे घरोघरचं. नवं औषध हृदय सावरायचं, पण मूत्रपिंडाला जड जायचं. सबिनाला मूत्रपिंड एकच होतं.

"म्हणजे एक वाचवायचं तर दुसरं जाणार," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना मरताना इतकं निवडावं लागलं नव्हतं."

"म्हणून तर आम्ही नुसत्या सरासरीवर जात नाही. देशभरच्या अभ्यासांतला एकेक रुग्ण घेऊन सगळे एकत्र मांडलेत. नावं गाळून, अर्थात. त्यात अगदी तुमच्यासारख्या पाच जणी निघाल्या. साठीच्या पुढच्या, एका मूत्रपिंडाच्या. सुक्रे, तारिहा, ओरुरो, पोतोसी, सांताक्रूझ. पाचही जणींचा औषधाचा क्रम पूर्ण झाला. पाचही ठणठणीत."

शेजारी तोमासा सुक्या पीचचं सरबत ओतत होती. ती सबिनाच्या लेकीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. ओळख मात्र जुनी. दोघींचं एकेक मूत्रपिंड एकाच वॉर्डात काढलेलं. तोमासा गावोगावच्या बाजारांत लोकरी शाली विकत फिरायची.

तिने पहिला घोट नेहमीप्रमाणे जमिनीवर सांडला.

"अहो बाई, फरशी आत्ताच पुसलीये," डॉक्टर म्हणाले.

"पहिला वाटा पाचामामाचा. धरणीमायला फरशी कळत नाही." मग पेला पुन्हा भरत ती म्हणाली, "सुक्रेला शेंगदाण्याचं सूप छान देतात."

त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. सबिनाने गोळी गिळली आणि तोंड वाकडं केलं.

पुढच्या आठवड्यात तिचे पाय सुजले. लघवी जवळपास थांबली. डॉक्टरांनी पुन्हा आकडे पाहिले.

"यात असं कुठेच दिसत नाही."

"पाय माझ्याकडे आहेत, डॉक्टरसाहेब. तिकडे कसे दिसतील?"

"थोडी कळ काढा. पाचात पाच आहेत."

तोमासाने हातातला पेला खाली ठेवला.

"डॉक्टरसाहेब, त्या पाच म्हणजे मीच."

डॉक्टर हसले, मग हसायचे थांबले.

"बाजाराला जाईन तिथे हे अभ्यासवाले असायचे. जेवण द्यायचे, रक्त घ्यायचे. एकीकडे नाव असलं की दुसरीकडे घेत नाहीत, म्हणून कुठे बापाचं आडनाव सांगितलं, कुठे आईचं, कुठे नवऱ्याचं. तुम्ही पाच म्हणालात, मला वाटलं माझ्याखेरीज आणखी पाच असतील."

डॉक्टर स्टुलावर बसले. बराच वेळ खिसा चाचपत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे एकाच बाईला पाच वेळा हे औषध मिळालं. आणि मूत्रपिंड शाबूत. अहो, हा तर आणखी भक्कम पुरावा झाला."

त्यांनी संध्याकाळची गोळी स्वतःच्या हाताने सबिनाच्या जिभेवर ठेवली आणि ताठ मानेने पुढच्या खाटेकडे गेले.

सबिना पाणी प्यायली. "पाच वेळा हे कडू जहर कसं गं गिळलंस, कोमाद्रे?"

"गिळतंय कोण? सगळ्या गोळ्या घरी आणून धरणीमायला वाहिल्या, परसात, अंजिराच्या बुडाशी."

"मग?"

"अंजीर वाळलं."