कोरं पाणी

नवे माग बघायला गिरणीनं मानसिंगला जपानला धाडलं, तेव्हा सुमित्राही तान्ह्या लेकीला घेऊन सोबत गेली होती. सोलापुरात परतल्यावर सासूबाईंनी तिला उंबऱ्यातच अडवलं.

"तितं कुणाच्या उष्ट्या पाण्यात न्हाऊ घातली न्हाईस नव्हं पोरीला? तसं असंल तर आदी गोमूत्र, मग घरात."

"छे हो, आत्याबाई!" आठवणीनंच सुमित्रानं तोंड वाकडं केलं. नदीकाठचं ते लाकडी विश्रामगृह, झऱ्याचं ऊन पाणी, आणि एकाच टाक्यात साऱ्या बाया, अंगावर चिंधी नाही! कुणाला नायटा, कुणाला खरूज, देव जाणे. शी!

"मग पोर धुतलीस कुटं?"

"पहाटे, कुणी उतरायच्या आत. पाणी अगदी कोरं होतं. हिला तेल चोळलं, डाळीचं पीठ लावलं आणि टाक्यातच खळबळून काढली. मीही शिकेकाई लावून तिथंच न्हाले. आमचं बघून त्या घाणेरड्यांनाही शहाणपण आलं बघा. मालकिणीनं लगेच सगळं पाणी सोडून दिलं, टाकं घासून घेतलं!"

"गुणाची गं माजी सून!" म्हणत सासूबाईंनी नातीला कडेवर घेतलं आणि त्या आत वळल्या.

मागून ट्रंक उतरवत मानसिंग म्हणाला, "आई, तिथं बाहेर अंग घासून, स्वच्छ धुऊन मगच टाक्यात उतरतात. मालकीण नाक धरून मला विचारत होती, तुमच्या मुलखात माणसं आपला मळ पाण्यात कालवून त्यातच बसतात का?"