साठ झगे

लाँड्रीवाल्या बाईंचे चिरंजीव ख्रिस्ती विद्यापीठात वित्त व्यवस्थापन शिकत होते. सुट्टीत घरी आले ते चौथी पास आईला अक्कल शिकवायलाच. लाँड्रीच्या हिशेबाच्या वहीत रेघोट्या मारून झाल्यावर त्यांनी फर्मान काढलं.

"'तुझ्या विद्यापीठाचे, तुझ्या विद्यापीठाचे' म्हणत तिथल्या चर्चमधल्या गायकांचे साठ झगे दर आठवड्याला फुकट धुतेस? निव्वळ तोटा, आई! आमचे सर हसतील. आजच्या आज बंद कर. तुला नाही कळायचं त्यातलं."

बाईंनी कडक इस्त्रीचा झगा हँगरला लावला आणि चिरंजीवांना नखशिखांत न्याहाळलं.

"बरं, केलं बंद. आता वसतिगृहातली गादी गुंडाळून आण. तीन वर्षं तुमच्या विद्यापीठाचे फादर तुझी फी या धुलाईतच वळती करून घेतायत, दीडशहाण्या!"