बाभळीच्या काट्यांचा विषाणू

‘मॅडम, याले तोंड नाही, पोट नाही. मंग यानं माह्या बापाले खाल्लं कसं?’

संस्कृतीने काट्यांचा गोळा वर धरला. वर्ग हसला नाही. तिचा बाप तापाने गेला हे मानोऱ्याजवळच्या त्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

विषाणू पौर्णिमा मॅडमनी घरी बनवला होता. चिंध्यांचा गोळा, त्यात खोचलेले बाभळीचे काटे, आत लाल दोरा. पेशी म्हणून कोंबड्या झाकायचं डालं.

‘तो खात नाही गं. तो काहीच करत नाही. नुसता आत शिरतो. हा दोरा म्हणजे त्याचा हुकूम. हुकूम सुटला की पेशी...’

तेवढ्यात दारात जीप थांबली. तपासणीचे साहेब बुटांसकट वर्गात शिरले. मागे हेडमास्तर मारोतराव, हातात शाल-नारळ.

साहेबांनी गोळा दाबला. काटा टोचला. साहेब खूश झाले.

‘शनिवारी मोठे पाहुणे येऊन राह्यले. असे पाचशे पाहिजेत. कमानीले लटकवा. एकेकाच्या मधात माझा फोटो.’

शाल घेतली, चहा प्यायले, गेले.

गणित बंद झालं. भूगोल बंद झाला. खिचडी शिजवणाऱ्या प्रयागबाई चूल सोडून चिंध्या फाडायला बसल्या. पोरं बांधावर काटे तोडायला गेली, रक्ताळलेली बोटं चोखत परत आली. चिंध्या संपल्या, तेव्हा सतरंज्या फाडल्या. मग भिंतीवरचा कापडी नकाशा.

‘सर, माझा धडा अर्धा राह्यला,’ मॅडम कडाडल्या. ‘पोरीनं विचारलं ते सांगू तरी द्या!’

‘धडा कुठं पळून चालला काय? वरून हुकूम आहे,’ मारोतराव म्हणाले. गोळ्यावर साहेबांचा फोटो चिकटवताना त्यांनी मानही वर केली नाही.

शनिवारी पाहुणे आलेच नाहीत. जीप आली. साहेबांनी गोळे पोत्यांत भरले. प्रत्येक शाळेला एकेक नमुना, तिथेही पाचशे करायचे. जीप धूळ उडवत पुढच्या गावाच्या वाटेला लागली.

मागे राहिली उघडी फरशी, थंड चूल, कोऱ्या भिंती. मॅडमनी मोडकं डालं उचललं.

‘बस संस्कृती. तर, हुकूम सुटला की पेशी...’

संस्कृती दारातून जीपकडे बघत होती.

‘राहू द्या मॅडम. समजलं. माह्या बापात बी असाच साहेब शिरला असन.’