सगळ्यांपेक्षा कमी आकडा

दरवर्षी एकाच पोत्यातले प्लास्टिकचे दाणे राज्यभरातल्या प्रयोगशाळांना वाटले जायचे. प्रत्येकीनं ते यंत्रात वितळवून, वर वजन ठेवून किती वाहतात ते मोजायचं, मग सगळ्यांचे आकडे शेजारी मांडून कोण चुकतंय ते बघायचं. निकालात कुणाचं नाव नसायचं, नुसते क्रमांक. तरी गेवराईच्या ठिबक नळ्यांच्या कारखान्यात तपासणी करणाऱ्या शिवांजलीला एक आकडा लगेच ओळखू यायचा. सगळ्यांपेक्षा जरासा कमी.

तो वीरेशचा. धर्मापुरीचा वीरेश तिच्यासोबत याच यंत्रावर काम शिकला आणि नाशिकच्या प्रयोगशाळेत निघून गेला. दाणे पुरते वितळायच्या आतच वजन ठेवायची त्याला भारी घाई, मग ते कमीच वाहायचे. ती त्याचा हात धरायची, "थांब की जरा."

तो हसायचा. "तू हायस की थांबवायला."

त्याची ही खोड तिनं कधी कुणाला सांगितली नाही. वर्षातून एकदा तो चुकलेला आकडा दिसला, की तिचं पुढचं वर्ष निघायचं.

यंदा निकाल आला तेव्हा साहेब खुशीत होते. "बघ, सगळ्यांचे आकडे जुळले. एकबी चुकला न्हाई."

तिनं कागद पुन्हा वरून खाली पाहिला. "एखादी लॅब गळाली का, साहेब?"

"न्हाई गं, सगळ्या हायत. त्या चुकणाऱ्यालाबी कुणीतरी वळण लावलं म्हणायचं."

शिवांजलीनं कागद घडी करून ठेवला. नाशिकला आता त्याचा हात धरणारं कुणीतरी होतं.