कायमचा व्हिसा

भाऊबीजेच्या संध्याकाळी वृषालीने ओवाळणीचं तबक स्क्रीनसमोर धरलं. "दादा, डोक्यावर रुमाल ठेव की."

परदेशात पवनचक्क्या दुरुस्त करणारा कौस्तुभ एरवी तिने फोन लावायच्या आधीच रुमाल घेऊन बसायचा आणि ओवाळताना रडायचा. पण वर्क व्हिसा कायमचा करायचा, तर डोक्यातली घरची ओढ काढून घ्यावी लागते, असा तिथला कायदा. अर्धं मन घरी ठेवणारी माणसं त्यांना नको होती. कालच त्याच्यावर ते उपचार झाले होते. आठवणींना धक्का लागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तुला आठवतंय ना रे सगळं?" तिने विचारलं.

"आठवतंय ना. दरवर्षी करायचो आपण हे." तो सभ्यपणे हसला. "पण पुढच्या वर्षीपासून राहू दे. उगाच तुझा वेळ जातो."

फोन बंद झाला. तबकातलं निरांजन अजून तेवत होतं. ते सांभाळत ती गच्चीवर गेली. भाऊ नसलेल्या शेजारणी तिथे चंद्राला ओवाळत होत्या.

"अगं, तुला तर भाऊ आहे ना?" एकीने विचारलं.

पदराने वारा अडवत वृषाली त्यांच्यात जाऊन उभी राहिली.